फ्रेंच क्रियापदाची बखर

शाळेत ‘देवः देवौ देवाः’ ज्यांनी डोलत डोलत पाठ केले आहे, त्यांना फ्रेंच भाषेचा पहिला धडा फारसा परका वाटू नये. तेथेही शिक्षक फळ्यावर तक्ता मांडतात. ‘मी, तू, तो’ वर, ‘आम्ही, तुम्ही, ते’ खाली आणि प्रत्येकापुढे क्रियापदाचे निराळे रूप. ‘शांते’ म्हणजे गाणे. झ शांत, त्यू शांत, इल शांत. नू शांतों, वू शांते, इल शांत. कानाला सहापैकी चार रूपे एकसारखीच लागतात. परंतु वहीत उतरवू गेले की त्या चार सारख्या रूपांची तीन वेगळी लेखने होतात. कुठे शेवटी एक मुके अक्षर, कुठे तीन. ‘जे तोंडाने म्हणायचे नाही ते हाताने का लिहायचे?’ असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो. त्यावर शिक्षक बहुधा एवढेच म्हणतात, ‘नियम आहे.’

नियम आहे हे खरे. पण नियमालाही कुळ असते, गाव असते आणि त्याच्या पायी सुखदुःख भोगलेली माणसे असतात. फ्रेंच क्रियापदाच्या या रुक्ष दिसणाऱ्या तक्त्यात राजे आहेत, कवी आहेत, कर्जबाजारी व्याकरणकार आहेत आणि गळ्यात लाकडी जोडा अडकवून उभी केलेली शाळेतली पोरेही आहेत. त्यांची ही थोडक्यात बखर.

प्रथम त्या मुक्या अक्षरांचे पाहू. फ्रेंच ही लॅटिनची मुलगी. रोमन शिपाई, व्यापारी आणि वसाहतकरी यांच्या तोंडची लॅटिन गॉल देशात रुजली आणि पिढ्यानुपिढ्या झिजत झिजत तिची फ्रेंच झाली. लॅटिनमध्ये ‘तू गातोस’ याला ‘कांतास’ म्हणत आणि ‘ते गातात’ याला ‘कांतांत’. शेवटचे हे ‘स’ आणि ‘न्त’ आपल्या ओळखीचे आहेत. संस्कृतातील ‘गायसि’ आणि ‘गायन्ति’ यांच्या शेपटाचे ते सख्खे भाऊ. बोलणाऱ्यांच्या तोंडून ही शेपटे गळून पडली, परंतु लिहिणाऱ्यांच्या हातातून ती सुटली नाहीत. म्हणून ‘त्यू शांत’ लिहिताना शेवटी मुका ‘स’ आणि ‘इल शांत’ या अनेकवचनात शेवटी मुका ‘न्त’ आजही लिहावा लागतो. घरातले आजोबा जातात, पण त्यांची काठी कोपऱ्यात तशीच उभी राहते, तसाच हा प्रकार.

या झिजण्याचा आणखी एक परिणाम झाला. मराठीत ‘गातोस’ एवढेच म्हटले तरी ‘तू’ हे कळते, कारण ते शेपटात बसलेले आहे. फ्रेंचचे शेपूटच गेल्यामुळे ‘झ, त्यू, इल’ ही सर्वनामे प्रत्येक वाक्यात म्हणावीच लागतात. पूर्वी रूप माणूस सांगत होते. आता सर्वनाम सांगते.

‘असणे’ या अर्थाचे ‘एत्र’ हे क्रियापद तर विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात घाम फोडते. स्वी, ए, ए, सॉम, एत, सों. एकाचा दुसऱ्याशी मेळ दिसत नाही. परंतु संस्कृत जाणणाऱ्याने हे उच्चार न ऐकता नुसते लेखन पाहावे. ‘तो आहे’ याचा उच्चार फक्त ‘ए’, पण लिहिताना ई, एस, टी ही तीन अक्षरे. म्हणजे ‘अस्ति’मधला शेवटचा इकार तेवढा गेला. ‘ते आहेत’ यातला ‘सों’ लिहिताना शेवटी ‘न्ट’ येतो, तो ‘सन्ति’. भूतकाळातले ‘फ्यू’ हे ‘भू’ धातूचे नातलग, आणि ‘एते’ हे धातुसाधित ‘स्था’चे. अस्, भू आणि स्था असे तीन धातू एका क्रियापदात नांदतात.

‘जाणे’ या क्रियापदाचेही असेच. मूळ रूप ‘आले’, ‘तो जातो’ म्हणजे ‘वा’, आणि ‘तो जाईल’ म्हणजे ‘इरा’. तीन वेगळ्या मुळांची रूपे एका कुटुंबात येऊन राहिली आहेत. याला हसण्याचे आपल्याला कारण नाही. आपणही ‘जातो’ म्हणतो आणि लगेच ‘गेला’ म्हणतो. पहिले ‘या’ धातूचे, दुसरे ‘गम्’ धातूचे. नेहमी वापरातली क्रियापदे अशीच वेडीवाकडी राहतात, कारण ती इतक्यांदा तोंडात येतात की त्यांना सरळ करायला कोणाला सवडच मिळत नाही. ‘मी जातो’ याचे ‘झ वे’ हे रूप बरोबर की ‘झ वा’, यावर सतराव्या शतकात विद्वानांत वाद होता. दॉमिनिक बूऊर नावाचा एक व्याकरणकार पाद्री १७०२ मध्ये वारला. मरणाच्या दारात त्याने ‘मी जातो’ची दोन्ही रूपे उच्चारली आणि ‘दोन्हीही चालतात’ असा निर्वाळा देऊन डोळे मिटले, अशी कथा सांगतात. कोणी ती इतरांच्या नावावरही खपवतात. खरी असो वा नसो, त्या काळच्या व्याकरणवेडाची कल्पना तीवरून येते.

आता भविष्यकाळाकडे वळू. लॅटिनचा जुना भविष्यकाळ पुढे निकामी झाला. ‘ब’ आणि ‘व’ यांचे उच्चार एकमेकांत मिसळल्यामुळे ‘तो गाईल’ आणि ‘तो गायला’ ही रूपे कानाला सारखीच वाटू लागली. उद्याचे आणि कालचे सारखेच ऐकू आले तर व्यवहार चालायचा कसा? लोकांनी एक साधा उपाय काढला. ‘मला गायचे आहे’ अशा धाटणीने, मूळ क्रियापदापुढे ‘माझ्यापाशी आहे’ या अर्थाचे क्रियापद ते जोडू लागले. हे जोडलेले क्रियापद झिजून शेवटी प्रत्ययच बनले. आजचा विद्यार्थी शांतरे, शांतरा, शांतरा, शांतरों, शांतरे, शांतरों असे भविष्यकाळाचे जे प्रत्यय घोकतो, ते ‘आव्वार’ म्हणजे ‘जवळ असणे’ या क्रियापदाच्या वर्तमानकाळाचे अवशेष आहेत. ही खूण एकदा पटली की सहा प्रत्यय वेगळे पाठ करण्याचे श्रम वाचतात.

या नव्या रूपाचा एक जुना दाखला मोठा मौजेचा आहे. फ्रेडेगारच्या नावावर चालणाऱ्या सातव्या शतकातील लॅटिन बखरीत एक आख्यायिका आहे. इराणचा राजा कैद होऊन बादशहा जस्टिनियनसमोर येतो. जिंकलेले प्रांत परत दे म्हटल्यावर तो ‘देणार नाही’ असे जुन्या लॅटिन रूपात म्हणतो. त्यावर बादशहा उत्तर देतो, ‘दारास’, म्हणजे ‘देशील’; हे रूप मात्र नव्या घडणीचे. त्या जागी वसलेल्या शहराचे नावच दारास पडले, असे बखरकार सांगतो. शहराच्या नावाची ही व्युत्पत्ती अर्थातच भाकडकथा. पण ती रचणाऱ्याने जुना आणि नवा भविष्यकाळ नकळत शेजारी शेजारी बसवून ठेवला, हे आपले भाग्य.

पुढे १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबूर येथे शार्लमानचे दोन नातू, ‘टकल्या’ चार्ल्स आणि जर्मन लुई, थोरल्या भावाविरुद्ध एक झाले. दोघांनी आपापल्या सैन्यासमक्ष शपथा घेतल्या. गंमत अशी की जर्मन लुई रोमान्स बोलीत बोलला आणि चार्ल्स जर्मन बोलीत, म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याच्या शिपायांना समजेल अशी भाषा वापरली. निथार नावाच्या इतिहासकाराने त्या शपथा जशाच्या तशा टिपून ठेवल्या. फ्रेंच भाषेचा जन्मदाखला म्हणून या कागदाचा मान आहे, आणि त्यात ‘मी राखीन’ या अर्थाचा ‘साल्वाराई’ हा नव्या घडणीचा भविष्यकाळ स्पष्ट दिसतो. शपथ म्हणजे पुढचे वचन. तेव्हा फ्रेंचच्या पहिल्याच कागदात भविष्यकाळ भेटावा, हे योग्यच झाले.

नकाराचीही कथा अशीच बोलण्यातून जन्मलेली. फ्रेंचमध्ये ‘नाही’ म्हणायला क्रियापदाच्या अलीकडे ‘न’ आणि पलीकडे ‘पा’ लागतो. हा ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘मी पाऊलभरही चालत नाही’ असे ठसक्याने म्हणता म्हणता तो शब्द चालण्याशी संबंध नसलेल्या क्रियापदांनाही चिकटला. जुन्या फ्रेंचमध्ये याच रीतीने ‘ठिपकाभर नाही’, ‘भाकरीच्या चुऱ्याएवढे नाही’ असेही म्हणत. आज बोलताना पॅरिसचा माणूस खरा नकारार्थी ‘न’ गाळतो आणि नुसत्या ‘पा’वर भागवतो. ज्या शब्दाचा अर्थ पाऊल, तोच एकटा आज ‘नाही’ म्हणतो.

येथवर जे घडले ते लोकांच्या तोंडी घडले. त्यात कोणा पंडिताचा हात नव्हता. सोळाव्या शतकापासून मात्र कथेत व्याकरणकार येतात.

फ्रेंचचे पहिले मोठे छापील व्याकरण फ्रान्समध्ये नव्हे तर लंडनमध्ये, आणि तेही इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता जॉन पाल्सग्रेव्ह हा आठव्या हेन्रीची बहीण मेरी हिचा शिक्षक होता. १५१४ मध्ये मेरीचे लग्न फ्रान्सचा राजा बारावा लुई याच्याशी झाले. पाल्सग्रेव्हचा जाडजूड ग्रंथ १५३० मध्ये बाहेर पडला आणि त्यातला मोठा भाग क्रियापदांनीच व्यापला आहे. पुढच्याच वर्षी झाक द्युब्वा याने फ्रान्समध्ये व्याकरण लिहिले, पण लॅटिनमध्ये. फ्रेंचचे व्याकरण फ्रेंचमध्येच लिहायला १५५० साल उजाडले. ते काम लुई मेग्रे याने केले आणि बोलावे तसे लिहावे असा आग्रहही धरला. तो कोणी मानला नाही. आपल्याकडेही विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला इंग्रजीत छापले गेले, आणि दादोबा पांडुरंगांचे मराठीतले व्याकरण १८३६ मध्ये आले. आपल्या भाषेला नियम आहेत हे घरच्या माणसाला उशिरा कळते. ते पाहुण्याला आधी दिसतात, कारण अडखळतो तो.

१५३९ मध्ये राजा पहिला फ्रांस्वा याने व्हिलेर-कोतरे येथे एक हुकूमनामा काढला. त्याच्या १९२ कलमांपैकी दोन कलमांनी न्यायालयाचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावेत असे ठरवले. त्याच राजवाड्यात २०२३ मध्ये फ्रेंच भाषेचे आंतरराष्ट्रीय केंद्र उघडण्यात आले. राजाचे कागद फ्रेंचमध्ये लिहायचे म्हटल्यावर कोणती फ्रेंच, हा प्रश्न आलाच. कवी मालेर्ब याला कोणी विचारले की भाषेत प्रमाण कोणाचे मानावे, तर तो गवताच्या धक्क्यावरच्या हमालांकडे बोट दाखवी. त्यानंतर आलेल्या क्लोद द व्होझला याने नेमके उलट सांगितले. १६४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या टिपणांत त्याने ‘चांगला प्रघात’ म्हणजे दरबारातील उत्तम मंडळींचे बोलणे, अशी व्याख्या केली. हमालांकडून दरबाराकडे असा हा भाषेचा प्रवास झाला. मौज अशी की हा व्होझला मूळचा पॅरिसचा नव्हे. त्याचा जन्म तेव्हा साव्हॉयच्या ड्यूककडे असलेल्या मुलखातला. कार्दिनाल रिशेल्यू याने १६३५ मध्ये अकादमी स्थापली, तेव्हा तिच्या कोशाचे काम व्होझलाकडे आले. १६५० मध्ये तो मेला तो कर्जात बुडून. सावकारांनी घरातल्या चीजवस्तूंबरोबर कोशाच्या वह्याही जप्त केल्या आणि त्या सोडवून आणायला अकादमीला खटपट करावी लागली.

याच व्होझलाने सांगून ठेवले की सगळ्या फ्रेंच व्याकरणात एका नियमाइतके महत्त्वाचे आणि लोकांना अज्ञात असे दुसरे काही नाही. तो नियम भूतकाळातल्या धातुसाधिताचा. फ्रेंच मुलांनी जेवढी आसवे या एका नियमापायी गाळली असतील तेवढी दुसऱ्या कशापायी नसतील, म्हणून तो जरा निवांतपणे पाहू.

‘मी चिठ्ठी लिहिली’ हे फ्रेंचमध्ये ‘झे एक्री ला लेत्र’ असे होते. शब्दशः ‘माझ्यापाशी आहे लिहिलेले चिठ्ठी’. चिठ्ठी स्त्रीलिंगी असली तरी ‘एक्री’ला त्याची दखल नाही. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणायचे झाले, की चिठ्ठी क्रियापदाच्या आधी येते आणि लगेच ‘ला लेत्र क झे एक्रीत’ असे स्त्रीलिंगी रूप होते. कर्म आधी आले तर धातुसाधिताने त्याचे लिंगवचन घ्यायचे. नंतर आले तर नाही. बहुतेक क्रियापदांत तर हा फरक ऐकूही येत नाही, तो केवळ कागदावर राहतो.

हे आले कोठून? लॅटिनमध्ये ‘माझ्यापाशी चिठ्ठी लिहिलेली आहे’ अशा अर्थाचे वाक्य होते. तेथे ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचे विशेषण. तेव्हा ते चिठ्ठीप्रमाणे चालणारच. हळूहळू त्या वाक्याचा अर्थ ‘मी चिठ्ठी लिहिली’ असा झाला आणि विशेषणाचे क्रियापद बनले. मध्ययुगात लोक कधी कर्माशी मेळ घालीत, कधी घालीत नसत. कोणाचे काही अडले नाही. १५३८ मध्ये क्लेमां मारो या राजकवीने आपल्या शिष्यांना उपदेश म्हणून एक लहानशी कविता लिहिली आणि तीत कर्म पुढे असेल तेव्हाच मेळ घालावा असे, इटालियन भाषेचा दाखला देऊन, सांगितले. मारो धर्मद्रोहाच्या संशयावरून काही काळ परागंदा होऊन इटलीत राहिला होता. कवीच्या त्या उपदेशाला व्होझलाने पोटनियम जोडले, पुढच्यांनी त्या पोटनियमांना अपवाद जोडले आणि आंब्याच्या झाडाखाली पडलेल्या कोयीचे रान झाले.

मराठी वाचकाला मात्र यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिले.’ लिहिणारा एकच, पण क्रियापद फिरते ते कर्माबरोबर. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’ म्हणजे ‘माझ्याकडून पत्र लिहिले गेले’ असे म्हणत. त्यातले ‘लिखितम्’ हे विशेषणच आपल्या ‘लिहिले’चा पूर्वज. एवढेच नव्हे, ‘जाणे’सारख्या काही अकर्मक क्रियापदांना फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ऐवजी ‘एत्र’ लागते आणि तेव्हा धातुसाधित कर्त्याप्रमाणे चालते. लिहिणारी स्त्री असेल तर शेवटी एक मुके अक्षर जोडते. आपल्याकडे पुरुष ‘मी गेलो’ म्हणतो, स्त्री ‘मी गेले’ म्हणते. दोन भाषा हजारो मैलांवर, एकमेकींना न विचारता, एकाच युक्तीपाशी येऊन पोचल्या. पॅरिसच्या मुलाला जे घोकावे लागते ते सातारच्या मुलाला आईच्या दुधाबरोबर मिळते.

दरबारातल्या शंभर माणसांनी हे नियम पाळले काय किंवा न पाळले काय, देशाला त्याचे सोयरसुतक नव्हते. राज्यक्रांतीने ते चित्र बदलले. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी प्रथम सर्वनामाला हात घातला. मोठ्या माणसाला ‘वू’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणायचे ही सरंजामी रीत. नागरिक सगळे सारखे, तेव्हा सर्वांना ‘त्यू’ म्हणा, अशी मागणी झाली आणि सरकारी पत्रांतून ती अमलातही आली. कायदा मात्र झाला नाही, आणि क्रांतीचा भर ओसरताच ‘वू’ परत आला. सर्वनामातला आदर हुकमाने जात नाही, हे ‘अरे’ आणि ‘अहो’ यांत वाढलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको.

त्याहून मोठे काम आबे ग्रेग्वार याने हाती घेतले. ग्रेग्वार हा शिंप्याचा मुलगा, धर्मगुरू आणि मोठ्या मनाचा माणूस. ज्यूंच्या हक्कांसाठी आणि गुलामगिरीच्या विरुद्ध तो झगडला. त्याने १७९० मध्ये ४३ प्रश्न ठिकठिकाणी धाडून लोक कोणती बोली बोलतात याची चौकशी केली आणि ४ जून १७९४ रोजी अहवाल मांडला. निदान साठ लाख फ्रेंच लोकांना, विशेषतः खेड्यांत, राष्ट्राची भाषा येत नाही. तितक्याच लोकांना तीत सलग संभाषण करता येत नाही. आणि शुद्ध बोलणारे तीस लाखांहून अधिक नाहीत, असे त्याने सांगितले. ८३ प्रांतांपैकी केवळ फ्रेंच बोलणारे पंधराएक. कायदा लोकांचा, तर तो लोकांना वाचता आला पाहिजे, हा त्याचा विचार उदात्त होता. पण त्यासाठी ब्रेतों, बास्क, ओक्सितां अशा भाषा आणि गावोगावच्या बोली नाहीशा कराव्यात, हा त्याचा उपाय होता. चांगल्या माणसाच्या चांगल्या हेतूतून केवढे दुःख उपजते, याचे हे उदाहरण.

ते दुःख प्रत्यक्षात उतरले एकोणिसाव्या शतकात. नोएल आणि शाप्साल यांचे १८२३ चे शालेय व्याकरण वर्षानुवर्षे मुलांच्या हातात राहिले. १८४२ मध्ये बेशरेल बंधूंनी क्रियापदांचे पुस्तक काढले. त्यांचे आडनाव आज क्रियापदांच्या तक्त्यालाच नाव म्हणून चिकटले आहे. झ्यूल फेरीच्या कायद्यांनी १८८१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि १८८२ मध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना सक्तीचे झाले. गरिबाच्या घरात अक्षर आले, हा लाभ केवढा मोठा ते सांगणे नको. परंतु ब्रिटनीतल्या शाळांत ब्रेतों बोलताना जो मुलगा सापडे त्याच्या गळ्यात लाकडी जोडा किंवा अशीच एखादी वस्तू अडकवीत. तिला ‘खूण’ म्हणत, कुठे ‘गाय’ म्हणत. दुसऱ्या कोणाला आईची भाषा बोलताना पकडले तरच ती त्याच्या गळ्यात घालून आपली सुटका. संध्याकाळी जिच्या गळ्यात खूण राहील त्या मुलाला शिक्षा. मास्तरला काही करावे लागत नसे. मुलेच एकमेकांची पाळत ठेवीत. प्येर-झाकेझ एलियास या ब्रेतों लेखकाने १९७५ च्या आपल्या आत्मकथनात ही ‘गाय’ वर्णिली आहे. पुष्कळ आईबापांनी हे निमूटपणे सोसले, कारण फ्रेंच आले तर पोस्टात, रेल्वेत नोकरी, आणि न आले तर जन्मभर दुसऱ्याचे शेत. धातुसाधिताचा मेळ चुकला की केवळ गुण जात नसत. वर चढायची शिडीच जाई.

आणि शिडीच्या टोकाशी बसलेल्यांना तरी तो नियम कुठे येत होता? १८५७ मध्ये लेखक प्रॉस्पेर मेरिमे याने तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारी मंडळींना गंमत म्हणून शुद्धलेखन घातले. बादशहाच्या ७५ चुका झाल्या, सम्राज्ञीच्या ६२, आणि सर्वांत कमी, फक्त तीन, चुका ऑस्ट्रियाचा वकील मेटरनिख याच्या, असे सांगतात. परदेशी पाहुणा पहिला आला! दरबारात हशा पिकला असेल. ब्रिटनीतल्या पोराला त्याच चुकांसाठी हसता येत नव्हते.

सरकारलाही ही विषमता खुपली. ३१ जुलै १९०० रोजी शिक्षणमंत्री झॉर्झ लेग याने हुकूम काढून ‘आव्वार’बरोबरच्या धातुसाधिताचा मेळ न घातला तरी परीक्षेत चूक धरू नये असे ठरवले. अकादमी खवळली. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी नवा हुकूम निघाला आणि ती सवलत आखडती घेण्यात आली. १९७६ मध्ये पुन्हा सवलती जाहीर झाल्या. वर्गात त्यांचा फारसा शिरकाव झाला नाही. २०१८ मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी हा मेळ सोडून द्यावा अशी जाहीर हाक दिली आणि वर्तमानपत्रांत महिनाभर रण माजले. नियम आजही शाळेत शिकवला जातो, आणि फ्रेंच माणूस बोलताना तो सर्रास विसरतो.

अकादमीने स्वतःचे व्याकरण देण्याचे वचन स्थापनेच्या वेळीच दिले होते. ते प्रसिद्ध झाले १९३२ मध्ये, म्हणजे २९७ वर्षांनी, आणि फेर्दिनां ब्र्युनो या भाषापंडिताने त्याच वर्षी त्यातल्या चुका दाखवणारे पुस्तक लिहून त्याची दाणादाण उडवली. चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, मॉरिस ग्रेव्हिस नावाच्या एका शिक्षकाचे व्याकरण निघाले आणि ते घरोघर प्रमाण मानले गेले. त्याचे नाव त्याने ठेवले ‘चांगला प्रघात’, व्होझलाचाच शब्द. हा ग्रेव्हिस दरबारी नव्हता, फ्रेंचही नव्हता. तो बेल्जियममधल्या नालबंद घराण्यातला मुलगा होता.

पाल्सग्रेव्ह इंग्रज, व्होझला साव्हॉयकडचा, ग्रेव्हिस बेल्जियन. भाषेच्या उंबरठ्याबाहेर उभा असलेला माणूसच तिची चौकट नीट पाहतो, असे यावरून वाटते. त्याची फेड म्हणून की काय, एका फ्रेंच माणसाने आपल्या भाषेची चौकट अशीच बाहेरून पाहिली. डॉ. भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतपासून आजच्या भाषांपर्यंतची वाट उजळली होती. त्याच वाटेने झ्यूल ब्लॉक हा पॅरिसचा पंडित मराठीकडे आला. मराठीच्या घडणीवरचा त्याचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये आपल्याला मिळाला. ‘लिहिला, लिहिली, लिहिले’ यांचे मूळ त्यात शास्त्रशुद्ध रीतीने दाखवले आहे. ‘एक्री’ आणि ‘एक्रीत’ यांचा काच ज्याने शाळेत सोसला असेल, त्याला आपल्या कर्मणी प्रयोगाचे मर्म पटकन उमगले असेल, अशी कल्पना करायला हरकत नाही.

या दोन भाषांत एक फरक मात्र आहे, आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘मी चिठ्ठी लिहिला’ असे मराठी घरातले चार वर्षांचे मूलही म्हणत नाही. तो नियम जिभेवर राहतो. त्याला मास्तर लागत नाही, छडी लागत नाही. फ्रेंचमधला तोच नियम जिभेवरून केव्हाच उतरला आणि कागदावर राहिला, म्हणून त्याला राखण लागते. भाषेतल्या कोणत्याही नियमाबद्दल वाद निघाला की हे विचारून पाहावे: हा जिभेवरचा की कागदावरचा? कागदावरचे नियम टाकाऊ असतात असे नाही. त्यांच्यामुळेच आज फ्रेंच वाचक तीनशे वर्षांपूर्वीचे पुस्तक सहज वाचतो. पण त्यांच्यावरून माणसाची लायकी मोजू लागलो, की कोणाच्या तरी गळ्यात लाकडी जोडा अडकतो. ऱ्हस्वदीर्घावरून आणि ‘न’ ‘ण’वरून आपणही काही कमी जोडे अडकवलेले नाहीत.

तेव्हा फ्रेंच शिकणाऱ्याने तक्ता घोकावा, अवश्य घोकावा. त्याला आडवाट नाही. मात्र ‘इल ए’ लिहिताना त्यातले मुके ‘स्ट’ गाळू नये, आणि ते ‘अस्ति’मधले आहेत हे विसरू नये.